डोलकाठीच्या पायाखाली

जुन्या शिडाच्या बोटीचा डेक डोलकाठीखाली खचायला लागतो, तेव्हा सुरुवातीची लक्षणं अगदी मामुली असतात. केबिनचं दार चौकटीला घासायला लागतं. डोलकाठीला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा, म्हणजे तणावे, आपोआप सैल पडतात. मालक पाना घेऊन त्या आवळतो. आठवड्याने पुन्हा सैल, पुन्हा आवळणं. यात तो दर वेळी दुखणं वाढवत असतो.

तमाशाचा तंबू उभा राहताना पाहिला असेल, तर हे लगेच कळेल. दोर जितके ताणाल तितका मधला खांब जमिनीत रुततो. डोलकाठीचंही तेच. वारा शिडाला आडवा रेटतो, तणावे काठीला खाली दाबतात आणि सगळा भार तिच्या पायाखालच्या टीचभर जागेवर येतो.

लाकडी जहाजांच्या काळात हा पाय बहुतेक थेट बोटीच्या कण्यावर, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडावर टेकायचा. डेकला नुसतं भोक असायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या बोटी आल्या, मध्यमवर्गीय कुटुंबं त्या विकत घेऊ लागली, आणि अनेक लहान बोटींत डोलकाठी डेकवरच उभी राहू लागली. केबिन मोकळी राहते, काठी उतरवणं सोपं जातं. आता हा डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मधे बाल्सा किंवा प्लायवूड. हलका आणि कडक. पण एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं, की आतलं लाकूड वर्षानुवर्षं गुपचूप कुजतं. वरून सगळं चकचकीत दिसतं.

मी राहतो राजूरला, सह्याद्रीच्या अलीकडे. इथे बोट म्हणजे भंडारदऱ्याच्या जलाशयात पर्यटकांना फिरवणारी. तरी हे दुखणं मला परकं वाटलं नाही. आमच्या डांगाणातल्या जुन्या कौलारू घरांत आढ्याचा भार मेढीवर असतो. इथल्या पावसाने मेढीचा जमिनीतला बुंधा कुजतो, पण बिघाड दिसतो वर: आढ्याला झोळ पडतो, कौलं सरकतात, घर गळतं. जाणता सुतार आधी कौलांना हात लावत नाही. टेकू देऊन भार उचलतो, मेढीचा कुजका भाग कापतो, खाली दगड बसवतो. कौलं शेवटी.

बोटीचा कारागीरही याच क्रमाने जातो. आधी डोलकाठी उतरवायची. मग केबिनमधून जॅक लावून डेक हळूहळू पूर्वीच्या उंचीवर आणायचा. वरचा थर कापून कुजकं लाकूड खरवडून काढायचं आणि त्या जागी न दबणारा भरीव तुकडा इपॉक्सीत बसवायचा. स्क्रूची भोकंही इपॉक्सीने बंद करून नव्याने पाडायची. पण त्याआधी डेकखालचा आधाराचा खांब आणि तो ज्यावर उभा आहे ते तळातलं लाकूड तपासायचं. ते कुजलेलं असेल, तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

डोलकाठीखालच्या तळाचं महत्त्व सांगणारी सगळ्यात थरारक गोष्ट मुंबईत बांधलेल्या एका बोटीची आहे. ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी बोट १९६३-६४ मध्ये मुंबईत तयार झाली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. सुतारांनी ती वाकस आणि हाताने फिरवायच्या सामत्याने घडवली. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधल्या फाल्मथहून, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघाला.

केप व्हर्दे बेटांच्या आसपास बोटीत पाणी जास्तच भरू लागलं. बुडी मारून पाहिलं, तर मुख्य डोलकाठीच्या खाली, फळ्या जिथे कण्याला भिडतात तिथे, दोन्ही बाजूंना लांब फट. बोट हलली की फट उघडझाप करायची. किनारा गाठला असता तर विक्रम संपला. त्याने पाण्याखाली दम धरून फटीत कापूस ठोकला, त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि वर तांब्याचा पत्रा. अंगाचा गोरेपणा शार्कला दिसू नये म्हणून गडद शर्ट आणि जीन्स घालून. तरी एक शार्क आलाच. त्याने बोटीवर चढून रायफलने तो मारला आणि काम पुरं केलं.

२२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, तो फाल्मथला परतला. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी एकटाच. असा प्रवास पूर्ण करणारा तो पहिला माणूस. आपल्याकडे ही साहेबाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, ते मला पटत नाही. त्या तळाच्या फळ्या मुंबईच्या सुतारांनी जोडल्या होत्या, आणि त्या उघडल्या तरी सुटल्या नाहीत.

पुढे ‘सुहैली’ला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मानाची जागा मिळाली. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने तिला तिथून बाहेर काढलं आणि साठी ओलांडल्यावर, स्वतःच्या हाताने, तिच्या तळाचं गंजलेलं लोखंड बदलायला बसला.