भाषा रशियन, पण आपण कोण? युद्धकाळातल्या नाटककारांचा पेच

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि रशियन भाषेत लिहिणारे नाटककार पेचात सापडले. जी आपली भाषा, तीच हल्ला करणाऱ्यांचीही. मग आपण कोण? देशात राहायचं की निघून जायचं?

प्रत्येकाचं उत्तर वेगळं. इर्कुत्स्कमध्ये जन्मलेले इव्हान विरिपाएव पोलंडचे नागरिक झाले आणि रशियन नागरिकत्व सोडत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. माक्सिम कुरोच्किन मूळचे कीव्हचे, पण मॉस्कोत रशियन नाटकं लिहून नावारूपाला आलेले. युद्ध पेटल्यावर ते युक्रेनच्या बाजूने लढायला उतरले. नव्या नाटकांचं वाचन करणारा मॉस्कोचा ‘ल्युबिमोव्का’ महोत्सवही देशाबाहेर गेला.

मागे राहणंही सोपं नव्हतं. लेखिका स्वेतलाना पेत्रिचुक आणि दिग्दर्शिका झेन्या बेर्कोविच यांचं ‘फिनिस्त’ हे नाटक इंटरनेटवरून अतिरेक्यांच्या जाळ्यात ओढल्या गेलेल्या रशियन बायकांबद्दल होतं. २०२२ मध्ये त्याला ‘गोल्डन मास्क’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये त्याच नाटकासाठी, दहशतवादाचं समर्थन केल्याच्या आरोपाखाली, दोघींना प्रत्येकी ६ वर्षांची शिक्षा झाली.

देश सोडलेल्यांना लिहायची मोकळीक मिळाली, पण त्यांची भाषा समजणारा बहुतेक प्रेक्षक रशियातच राहिला.