कलमी आंबा घाट चढतो

दिवाळीत दारावर आंब्याच्या डहाळीचे तोरण बांधताना ती डहाळी कोणाच्या झाडाची, हे आपण सहसा विचारीत नाही. आमच्या मोरगावकडे मात्र ते विचारण्याजोगे आहे. कऱ्हेकाठच्या या माळावर वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे. बारामती तालुक्याच्या दक्षिणेस नीरेचा कालवा आला, ऊस आला. आमची बाजू जिरायतच राहिली. ओढ्याकाठी, विहिरीपाशी रायवळ आंबा असे. एकाचा शेप्या, दुसऱ्याचा खोबऱ्या, तिसऱ्याची गोटी. जितकी झाडे तितक्या चवी. पण कलमी आंबा म्हटला की तो पेटीतून, गवतात गुंडाळून, घाट चढूनच यायचा.

आंब्याचे मोल आपल्या राज्यकर्त्यांना जुन्या काळापासून ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य सांगतात की, आंब्याफणसाचे लाकूड आरमाराला उपयोगी खरे, तरी रयतेच्या झाडांना हात लावू नये. झाड उभे करण्यात माणसाची किती वर्षे जातात, याची जाणीव त्या आज्ञेमागे आहे.

कलमांची विद्या पोर्तुगीजांच्या अमदानीत गोव्यात बहरली. ज्याचे नाव हापुसाला मिळाले तो आल्बुकर्क त्यांचाच. पुण्यास गणेशखिंडीची बाग १८७३ साली निघाली. कॉलेज ऑफ सायन्समधील वुड्रो या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८८९ साली पुण्याहून काही कलमे अमेरिकेच्या शेती खात्याकडे धाडली. ती फ्लोरिडात लागली, पण थंडीने बहुतेक गेली. मुळगोबा जातीचे एक झाड तेवढे तगले. १८९५ च्या कडाक्यात तेही करपले, पुन्हा फुटले आणि १८९८ साली फळले! त्याच्या कोयीपासून हेडन नावाचा आंबा निघाला आणि पुढे अमेरिकेतल्या कितीतरी जाती त्या वंशात जन्मल्या. पुण्याचे कलम सातासमुद्रापलीकडे रुजले. पुण्यापासून पासष्ट किलोमीटरवरच्या आमच्या माळावर कलमांच्या रांगा दिसायला मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली. याचे मला अजून नवल वाटते.

अडचण पाण्याची, आणि त्याहून पैशाची. पहिली तीन-चार वर्षे झाड नुसते खाते, देत काही नाही. हातावर पोट असणाऱ्याने तेवढे दिवस काढायचे कसे? १९७२ च्या दुष्काळात हजारो बायाबापड्यांनी खडी फोडून पोट भरले. वि. स. पाग्यांच्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप आले आणि १९९० साली तिला फळबागेची जोड मिळाली. जी मजुरी खडी फोडण्यासाठी मिळे, ती आता शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात खड्डे खणायला आणि रोपांना पाणी घालायला मिळू लागली. झाडे जगलेली पाहूनच पुढचा हप्ता. सरकारी योजनांना नावे ठेवणे सोपे असते. ही मात्र मला मोठ्या अकलेची वाटते.

पठाराला हापूस फारसा मानवत नाही. तो एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. केशर तेवढा लहरी नाही, आणि हापुसाच्या गरात पडणारा साकाही त्यात सहसा नसतो. तो मूळचा जुनागढकडचा. १९३१ साली वंथळीस त्याची लागवड झाली आणि १९३४ साली केशरी गर पाहून नवाब महाबतखानाने त्याला हे नाव दिले, असे सांगतात. कोरडवाहू रानात रायवळाची कोय जागच्या जागीच लावावी आणि रोप वाढले की त्यावर केशराची काडी बांधावी. असे केले की सोटमूळ न दुखावता सरळ खाली ओल शोधीत जाते. पिशवीत वाढलेल्या रोपाचे मूळ मात्र गुंडाळून बसते. काहींनी बुडाशी मडके पुरून, त्याला वात लावून, थेंबाथेंबाने झाडे जगविली. आता शेततळी आणि ठिबक आले आहे.

झाड घरचे असले म्हणजे घरातल्या लेकरांच्या तोंडी आंबा लागतो, हा लाभ पैशात धरत नाहीत. पिकल्या गरातल्या पिवळ्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते. ते डोळ्यांना हवे. आपल्या आज्या रसावर तूप वाढीत, ते केवळ लाडाने नव्हे. स्निग्धाशिवाय ते द्रव्य अंगी नीट लागत नाही. वैशाखाच्या उन्हातून आलेल्याला कैरीचे पन्हे मिठासह दिले की घामावाटे गेलेले भरून येते. मधुमेह्याने मात्र रसाची वाटी मोजूनच घ्यावी.

कोकणच्या पेट्या ओसरू लागल्या की मेअखेरीस आमच्याकडचा केशर पाडाला येतो. मृगाच्या आधी तो उतरविण्याची मग एकच धांदल उडते.