हाताने शिकणे आणि हातांची जात

प्रकल्पातून शिक्षण ही कल्पना आज प्राथमिक शाळांतून नवी म्हणून मिरवली जाते. वास्तविक तिला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात आपल्या मुलांचे हिताहित गुंतलेले आहे, म्हणून तो तपासणे मला अगत्याचे वाटते.

१८९६ साली जॉन ड्युई यांनी शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा काढली. तेथे मुले स्वयंपाक करीत, विणकाम आणि सुतारकाम करीत. त्यांना सुतार करावे असा हेतू नव्हता. कामातून विज्ञान आणि समाजाचा इतिहास उलगडावा, हा होता. ड्युईंचे शिष्य विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धती मांडली. त्याच्या थोडेसे आधी, १९१३ ते १९१६ या काळात, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्युईंच्या वर्गात बसत होते.

शिकागोच्या त्या शाळेत बहुतेक मुले प्राध्यापकांची आणि सुशिक्षित व्यावसायिकांची होती. त्यांच्या हातांना काम नवे होते. ज्यांच्या हाती पिढ्यान्पिढ्या कामाशिवाय काहीच पडले नाही, त्यांचे काय?

१९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. पुढे झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती सात वर्षांचे शिक्षण गुंफले. टकळी सर्वच जातींच्या मुलांच्या हाती द्यायची होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी ग्रामीण प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणली आणि उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकावा, असे ठरवले. म्हणजे चांभाराच्या पोराने चामडेच कमवावे! पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या 'कुलशिक्षणा'विरुद्ध रान उठवले. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना रद्द झाली.

हा धोका अजून टळलेला नाही. 'आपले मदतनीस' या प्रकल्पात आमच्या वस्तीतल्या मुलाच्या हाती खराटा आणि दुसऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप दिलेला मी एका शाळेत पाहिला आहे. बाईंना त्यात वावगे काही वाटले नव्हते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्याकडे काम शिकायला सांगितले आहे. कोण कोणाकडे जाईल, हे जातच ठरवणार काय?

म्हणून प्रकल्पच नको, असे मी म्हणत नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, तेव्हा लेखन, वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्याच पंगतीला शेती आणि आरोग्याचे ज्ञान बसवले होते. त्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. आपल्या माणसांचे जगणे पाहायचे, त्याची कारणे विचारायची आणि ते चारचौघांसमोर मांडायचे, हे काम त्या मुलीने केले. प्रकल्प म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

शिक्षकमित्रांनो, वर्गात कामे वाटताना पाळी लावा. खराटा सर्वांच्या हाती जाऊ द्या आणि सूक्ष्मदर्शकही. आणि आमच्या मुलांना एक प्रकल्प अवश्य द्या: गावचा पाणवठा कोठे आहे, स्मशान कोठे आहे, आपली वस्ती कोठे आहे, याचा नकाशा काढा आणि तो असा का, हे विचारा.