मुक्या जिवाचा धनी: कोठी परिसर आणि प्राणिरक्षणाचा कायदा

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेस असलेल्या कोठी या भागाला ते नाव ब्रिटिश रेसिडेन्टच्या, म्हणजे निजामाच्या दरबारी नेमलेल्या इंग्रजी वकिलाच्या, निवासस्थानावरून मिळाले. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या या वास्तूच्या पायऱ्यांशी आजही सिंहांची जोडी बसलेली दिसते. लगतचा रेसिडेन्सी बाजार १९३३ पर्यंत इंग्रजी अमलाखाली होता आणि निजामाकडे परतल्यावर तो सुलतान बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. जनावर ही केवळ मालमत्ता की वेदना भोगणारा जीव, हा प्रश्न या परिसराच्या इतिहासात फार ठळकपणे उभा राहिलेला आहे.

रेसिडेन्सीचे सर्जन आणि हैदराबाद वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाने मृत्यू येतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय बंद पडल्यामुळे, हे ठरवण्यासाठी १८८८ मध्ये पहिला आयोग बसला आणि त्याने १४१ कुत्र्यांवर प्रयोग केले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आर्थिक साहाय्याने १८८९ मध्ये झालेल्या दुसऱ्या आयोगात ४०० हून अधिक प्राणी वापरले गेले. इंग्लंडात अशा प्रयोगांना १८७६ पासून परवाना लागत असे, हिंदुस्थानात मात्र तसे बंधन नव्हते. आणि हृदयाला धोका नाही हा ज्या निष्कर्षासाठी एवढे जीव गेले, तोही पुढील संशोधनात टिकला नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८९० मध्ये प्राणिक्रौर्य प्रतिबंधाचा कायदा झाला. परंतु त्याचा रोख मुख्यतः रस्त्यावर, चारचौघांच्या देखत होणाऱ्या मारहाणीवर आणि अतिभारावर होता. पाळणाऱ्याच्या दारातील हेळसांडीला ठसठशीत जागा मिळाली ती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांनंतर संमत झालेल्या १९६० च्या कायद्यात. त्याच्या तिसऱ्या कलमाने प्राण्याचे क्षेम राखणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरवले, आणि अकराव्या कलमाने पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, तसेच उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, हे गुन्हे मानले. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्यात १० ते ५० रुपये ठेवला आहे. कर्तव्य एवढे थोर आणि शिक्षा एवढी क्षुद्र, ही विसंगती दूर होणे अत्यंत निकडीचे आहे.

प्राण्याच्या मृत्यूनंतरचे कर्तव्य मात्र शतकानुशतके धन्याने स्वतःकडे ठेवलेच नव्हते. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात मेलेले जनावर, ज्याला ‘पड’ म्हणत, ते ओढून नेणे महारांवर आणि तेलंगणात मादिगांवर लादलेले होते. कातड्याला मोल होते, पण ते हाताळणाऱ्याचा विटाळ मानला जाई. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि ढोरे ओढण्यास नकार देणे हा पुढे स्वाभिमानाच्या लढ्याचा भाग झाला. कुत्र्यामांजराच्या कातड्याला तर मोलही नव्हते, म्हणून त्यांच्या वाट्याला उकिरडाच येई. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, ती या रीतीला अपवाद म्हणूनच लक्षात राहते.

शहरांत हे काम नगरपालिकांकडे आले. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने आपल्या जागेत जनावर मेल्यास ३ तासांच्या आत, आणि मृत्यू रात्री झाल्यास सूर्योदयानंतर ३ तासांच्या आत, कळवणे बंधनकारक केले. पुढे २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याने रोगग्रस्त जनावराचे शव नदी-तलावात टाकणे दंडनीय ठरवले. हैदराबादेत आता फतुल्लागुडा येथे पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय झाली आहे. पुरावयाचे असल्यास विहिरीपासून दूर, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा लागतो.

शव कापडात गुंडाळून पालिकेच्या गाडीत देताना प्राणी कशाने गेला, विशेषतः पिसाळल्याचा संशय होता काय, हे कर्मचाऱ्याला सांगणे हा धन्याच्या कर्तव्याचा शेवटचा भाग होय, कारण त्या कर्मचाऱ्याचे हात जपले गेले नाहीत, तर लादलेल्या कामाची जुनी रीत नव्या गाडीतून चालूच राहील.