नवशिक्यांचे बिटकॉइन

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दारावरची बेल वाजली. उघडून पाहतो तो आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर! सात वर्षांनी त्यांनी आमच्या घराची पायरी चढली. बसले, पाणी प्यायले, आणि कुशल विचारायच्या आधीच म्हणाले, "सर, मला एकच सांगा. ते बिटकॉइन म्हणून काही खरेच होते का, की सगळेच थोतांड?"

सात वर्षे ते का आले नव्हते ते आधी सांगतो, कारण नातेवाईक मंडळींना ते अर्धवट ठाऊक आहे. २०१७ च्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी मोटारीतून पेढे घेऊन आला. बिटकॉइनची योजना आहे, दीड वर्षात पैसे दुप्पट, असे त्याचे म्हणणे. त्या वेळी चित्रकलेचे सर माझ्याकडेच बसले होते. "कसा आहे हो मुलगा?" त्यांनी नंतर मला विचारले. मी म्हणालो, "हुशार. गणितात पैकीच्या पैकी असायचे." एवढेच बोललो, पण ते पुरले. त्यांनी निवृत्तीच्या पैशातले दोन लाख दिले. मीही देणार होतो, पण सौ.ने "अहो, जे तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही त्यात पैसे कसले घालता?" असे म्हणून पासबुक कपाटात टाकले आणि किल्ली कमरेला लावली. पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलाचा फोन लागेनासा झाला. माझे पैसे वाचले आणि सरांचे बुडाले. सकाळचे आमचे फिरणे बंद झाले. ते काही बोलले नाहीत, आणि मीही बोललो नाही.

जन्मभर इतिहास शिकवला. तेव्हा सरांच्या प्रश्नाला तारीखवार उत्तर देणे मला भागच होते. जे त्यांना सांगितले तेच इथे जरा नीट मांडून लिहितो.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी नऊ पानांचा एक निबंध आंतरजालावर टाकला. हा गृहस्थ कोण, एक की अनेक, हे कोडे सुटलेले नाही. बँक मध्ये न घेता एकाने दुसऱ्याला पैसे कसे पाठवावेत, हा निबंधाचा विषय. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडून दीड महिनाच झाला होता हे लक्षात घेतले म्हणजे त्या निबंधाला वाचक का मिळाले ते कळते. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. त्या पानात सातोशीने लंडनच्या 'टाइम्स'चा त्या दिवसाचा मथळा कोरून ठेवला आहे. ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा सावरण्याच्या बेतात आहेत, असा तो मथळा. शिलालेखावर शक लिहावा तसाच हा प्रकार!

वही हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बिटकॉइन म्हणजे नाणे नव्हे, खतावणी आहे. आपल्या वाण्याची वही एकच असते आणि ती त्याच्या गादीखाली असते. या वहीच्या हजारो प्रती जगभर संगणकांवर आहेत आणि सुमारे दर दहा मिनिटांनी त्या सगळ्यांत एक नवे पान चिकटवले जाते. पान चिकटवण्याचा मान मिळवण्यासाठी संगणकांना आकड्यांचे एक किचकट कोडे सोडवावे लागते, आणि जो आधी सोडवेल त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. सुरुवातीला दर पानाला ५० मिळत. साधारण चार वर्षांनी ते बक्षीस निम्मे होते. २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ असे चार वेळा ते निम्मे झाले. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत, अशी मेखही त्यात आहे.

तर २००९ सालच्या नवशिक्याला बिटकॉइन 'घ्यावे' लागतच नव्हते. घरचा संगणक रात्रभर चालू ठेवला की सकाळी वहीत आपल्या नावावर नाणी जमा. खर्च विजेचा. त्यामुळे पहिला भावही विजेच्या बिलावरूनच ठरला. ऑक्टोबर २००९ मध्ये एका डॉलरला सुमारे १,३०९ बिटकॉइन असा दर निघाला. त्याच महिन्यात मार्टी माल्मी या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ५,०५० बिटकॉइन ५ डॉलर २ सेंटला विकले. आज त्या माणसाची कीव करणारे पुष्कळ भेटतात. मला नाही वाटत. कोणीतरी पहिला विकणारा झाल्याशिवाय भाव निघतो कसा?

२०१० चा नवशिक्या तर आणखीच भाग्यवान. गॅविन अँड्रेसन नावाच्या प्रोग्रॅमरने त्या जूनमध्ये एक पान उघडले होते. तिथे जाणाऱ्याला पाच बिटकॉइन फुकट! लोकांच्या हाती नाणे खेळल्याशिवाय चलन रुळणार नाही, हा त्यामागचा साधा विचार. त्याच्याच जरा आधी, २२ मे २०१० रोजी, फ्लोरिडातल्या लास्लो हानयेच याने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले. पलीकडच्या एकोणीस वर्षांच्या पोराने त्याच्यासाठी पिझ्झाची ऑर्डर नोंदवली आणि नाणी घेतली. तेव्हा त्या दहा हजारांची किंमत चाळीस डॉलरच्या आसपास होती.

इथपर्यंत सगळे हौशी लोकांचे चालले होते. पैसे देऊन घेणारा नवशिक्या आला तो जुलै २०१० नंतर, माउंट गॉक्स या बाजारामुळे. मूळ संकेतस्थळ पत्त्यांच्या एका खेळातली पाने विकण्यासाठी काढलेले, नावातली अक्षरेही त्या खेळाचीच. त्याचे झाले नाण्यांचे दुकान! पुढे ते टोकियोला गेले आणि एके काळी जगातले बहुतेक बिटकॉइन तिथेच विकले जात. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बुडाले, आणि साडेआठ लाख बिटकॉइन सापडत नाहीत असे जाहीर झाले. त्यातले दोन लाख नंतर एका जुन्या खात्यात निघाले. ज्यांचे अडकले त्यांना नाण्यांच्या रूपात परतफेड सुरू झाली ती जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षांनी!

हे का घडले, ते समजून घेतले पाहिजे. वहीतल्या नाण्यावर मालकी त्याची, ज्याच्याकडे किल्ली. किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. लक्षात राहावा म्हणून तो बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांत लिहून देतात. बाजारात खाते उघडून नाणी तिथेच ठेवली तर किल्ली बाजारवाल्याकडे राहते, आपल्याला दिसतो तो फक्त त्याच्या दुकानातला आकडा. किल्ली स्वतःकडे ठेवावी तर ती हरवण्याची धास्ती. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका गृहस्थाची किल्ली संगणकाच्या जुन्या डिस्कवर होती. ती २०१३ मध्ये कचऱ्यात गेली आणि अजून नगरपालिकेच्या उकिरड्यात पुरलेली आहे. (आमच्या घरी रद्दीवाल्याला काय द्यायचे ते सौ. ठरवते. मी आपला गप्प बसतो.)

पेशवाईत अंकुशी, चांदवडी, हली सिक्का असे नाना तऱ्हेचे रुपये चालत आणि एकाचे दुसरे करून देताना सराफ बट्टा कापून घेई. नव्या बाजारांचा धंदा तोच, फक्त बट्ट्याला आता फी म्हणतात. फरक एवढाच की पेठेतला सराफ पळून जाऊन किती लांब जाणार?

आपल्याकडे २०१३ च्या सुमारास बंगळूरसारख्या शहरांत तरुणांनी असे बाजार काढले. रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी लोकांना सावध करणारे पहिले पत्रक काढले. मग २०१७ आले. वर्षाच्या सुरुवातीला हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव डिसेंबरात वीस हजारांना टेकला. आमच्या त्या विद्यार्थ्याची मोटार याच लाटेवर आली होती. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्याशी संबंध तोडायला तीन महिन्यांची मुदत दिली. त्या वर्षअखेर भाव चार हजार डॉलरच्याही खाली गेला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. बँकांचे नेमके काय नुकसान झाले ते दाखवलेले नसताना एवढा कठोर उपाय प्रमाणाबाहेर आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. बिटकॉइन चांगले, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. पुष्कळांनी मात्र तसेच वाचले.

मुंबईने हे सगळे पूर्वी पाहिलेले आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये लढाई थांबली आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा देणारेच उरले नव्हते. राजाबाई टॉवरला ज्यांच्या आईचे नाव आहे ते प्रेमचंद रायचंदही त्यात पोळले आणि जुनी बँक ऑफ बाँबेही बुडाली. हा धडा मी नववीला बत्तीस वर्षे शिकवला, आणि तरी २०१७ मध्ये पासबुक काढायला निघालो होतो!

आता माझी स्वतःची हकीकत. २०२१ च्या दिवाळीत धाकटा नातू आला होता. म्हणाला, "आजोबा, नुसते वाचून पोहता येत नाही. दहा हजार घालून बघा. बुडाले तर माझ्या पगारातून देईन." पाडव्याला मुहूर्त केला. पॅन, आधार, बँकेचा खातेक्रमांक, आणि भ्रमणध्वनीसमोर मान डावीकडे-उजवीकडे वळवून काढलेला फोटो. दोन वेळा तो नापास झाला, कारण चष्म्यात दिवा चमकत होता. एका बिटकॉइनचा भाव अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास! मी घाबरलो, तेव्हा नातवाने सांगितले की अख्खे घ्यावे लागत नाही, एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग असतात आणि एका भागाला सातोशी म्हणतात. माझ्या वाट्याला दोन लाखांवर काही हजार सातोशी आले. सौ.ने विचारले, "ठेवायचे कुठे?"

पुढच्याच वर्षी, १ एप्रिल २०२२ पासून, नफ्यावर सरसकट तीस टक्के कर लागला, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येईना, आणि १ जुलैपासून विकताना एक टक्का आधीच कापला जाऊ लागला. नोव्हेंबरात बहामातला एफटीएक्स हा मोठा बाजार बुडाला तेव्हा माझ्या दहा हजारांचे तीन हजारसुद्धा उरले नव्हते. मी रोज पहाटे उठून भाव पाहत असे. दहा हजारांसाठी! रक्तदाबाच्या गोळीइतका तो नेम झाला होता. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. माझे खाते दुसरीकडे होते, तरी त्या रात्री झोप लागली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भाव लाख डॉलरपुढे गेला तेव्हा मी सगळे विकून टाकले. अठरा हजारांच्या आसपास आले. आठ हजार नफा, त्यावर चोवीसशे कर आणि वर उपकर. नातू म्हणाला, घाई केलीत. केली असेल.

हे सगळे सरांनी शांतपणे ऐकले. मग मी संगणक लावला. ती वही कोणालाही उघडून पाहता येते, त्याला खाते लागत नाही की पैसे. ३ जानेवारी २००९ चे पहिले पान त्यांना दाखवले. त्यातली पन्नास नाणी अजून तिथेच आहेत, ती खर्च करताच येत नाहीत. सर खुर्ची पुढे ओढून पाहत राहिले.

"यात माझे कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

"त्याने तुम्हाला एखादा पत्ता दिला होता का? लांबलचक, अक्षरे आणि आकडे असलेला?"

त्यांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकमध्ये घातलेला जाड कागद काढला. सोनेरी वेलबुट्टी, मध्ये नाण्याचे चित्र, खाली सरांचे नाव, दोन लाखांचा आकडा आणि कोणाची तरी सही. मी उलटसुलट करून पाहिला. पत्ता नव्हता. बिटकॉइन होते, पण सरांच्या नावाने कोणी कधी घेतलेच नव्हते. तसे मी त्यांना सांगितले, आणि त्या दिवाळीत मुलाच्या गणिताच्या मार्कांबद्दल मी जे बोललो होतो त्याबद्दल, सात वर्षे बोलायचे राहिले होते ते, बोललो.

सरांनी कागद हातात घेऊन जरा दूर धरला. "वेलबुट्टी मात्र बरी काढली आहे," म्हणाले.

सौ.ने चहा आणला. निघताना चपला घालत त्यांनी विचारले, "सकाळी अजून सहालाच निघता का?" मी हो म्हणालो. "मग फाटकाशी थांबा."