तुसांच्या ढिगातून नायलॉन

नायलॉन म्हटले की खनिज तेल डोळ्यांसमोर येते. परंतु १९६१ पर्यंत अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या नायलॉनचा काही अंश शेतातल्या टाकाऊ मालातून येत असे. आजचा धागा त्यामागच्या द्रवाविषयी: फरफ्युरल.

आरंभ जर्मनीतील येना येथे. बग्गी हाकणाऱ्याचा मुलगा योहान डोबेरायनर तेथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. महाकवी गटे त्याचा पाठीराखा. (प्लॅटिनमच्या स्पर्शाने हायड्रोजन आपोआप पेटतो, हे १८२३ मध्ये दाखवणारा तोच.) १८३२ च्या सुमारास साखरेपासून फॉर्मिक आम्ल करताना त्याला एक तेलकट द्रव थेंबभर मिळाला. १८४० मध्ये स्कॉटलंडच्या जॉन स्टेनहाउसने कोंडा, ओट, लाकडाचा भुसा असे काहीही सौम्य गंधकाम्लासह ऊर्ध्वपातित केले, तरी तोच द्रव हाती येतो हे दाखवले. लॅटिनमध्ये कोंड्याला 'फरफर' म्हणतात; नाव त्यावरूनच पडले.

घडते ते असे: तुसांतील तंतूंपासून आम्ल पाच कार्बनची झायलोज ही शर्करा सुटी करते आणि तिच्यातून पाण्याचे तीन रेणू काढून घेते. आम्ल मात्र खर्ची पडत नाही. अशा पदार्थांच्या करणीला बर्झेलियसने 'कॅटॅलिसिस' म्हणजे उत्प्रेरण हे नाव दिले ते १८३५ मध्ये.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षे फरफ्युरल प्रयोगशाळेतच राहिले. ज्ञान होते, गरज नव्हती. ती निर्माण केली ओटच्या न्याहारीने! आयोवातील सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स कंपनीकडे तुसांचे ढीग साचत. जनावरांनाही त्यांतून फारसे पोषण मिळेना. कारखान्यात दाबाखाली शिजवणारी मोठी भांडी रिकामी पडून होती. त्यांत तुसे, गंधकाम्ल आणि वाफ घालून १९२२ मध्ये उत्पादन सुरू झाले.

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला आणि दोस्तांचे रबर तुटले. कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन शुद्ध करण्यास तेव्हा फरफ्युरल कामी आले. युद्धानंतर ड्यू पॉन्टने त्यापासून नायलॉनचा कच्चा माल केला.

१९६१ मध्ये तो मार्ग बंद पडला. रसायनशास्त्र चुकले नव्हते. तेल स्वस्त पडत होते, इतकेच.

फरफ्युरल मात्र आजही तेलापासून किफायतशीरपणे करता येत नाही. ते मक्याच्या सोललेल्या कणसांपासून आणि उसाच्या चिपाडांपासूनच बनते, बहुतांश चीनमध्ये.