फिर्याद कुणाकडे?

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या बेळगावातच. त्यामुळे जवानांचे, पेन्शनरांचे अर्ज लिहून देण्याचे काम हेडमास्तर म्हणून माझ्याकडे आपसूकच येते. अर्जाच्या मथळ्यापाशी माझी लेखणी दरवेळी अडते, आणि १९४६ सालची मुंबई मनात येते.

'तलवार' म्हणजे नौदलाची किनाऱ्यावरील सिग्नल शाळा. तिथला कमांडर किंग खलाशांना घाणेरड्या शिव्या देई. १४ जणांनी रीतसर लेखी तक्रारी केल्या. त्या वरपर्यंत गेल्या आणि फिरून किंगच्याच टेबलावर आल्या! त्याने उलट दम भरला, खोटी तक्रार हा गुन्हा आहे, विचार करा. १८ फेब्रुवारीला खलाशांनी जेवणावर बहिष्कार टाकला. पाहता पाहता सुमारे २० हजार खलाशी बंडात उतरले. शहरातल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे गेली.

मग न्या. फजल अलींचा चौकशी आयोग बसला. पाच सदस्यांत तीन न्यायाधीश. खलाशांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते, हे त्यातून बाहेर आले. हेच कान महिनाभर आधी मिळते तर?

स्वतंत्र भारताच्या १९५० च्या लष्कर कायद्यातही जवानाची तक्रार प्रथम वरिष्ठाकडेच जाते. त्याबाहेर पूर्वी उरे ते कोर्ट, म्हणजे वकिलाची फी. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ साली झाला, काम २००९ साली सुरू झाले. न्यायमूर्तींच्या शेजारी सैन्याचा अनुभवी अधिकारी बसतो. पगार, पेन्शन, बढती तिथे नेता येते. रजा आणि बदली मात्र कायद्याने वगळली आहे.

माझ्याकडे येणाऱ्या जवानांचे बहुतेक अर्ज रजेचेच असतात.